टोप्या वाजवणारा गृहस्थ

गिरगावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी निळे काचेचे पेले शोधायला जाते. तरुणपणी मी भलती शहाणी! स्टीलच्या हौसेपायी सासूबाईंचे असलेच पेले भंगारात काढले. आता एकेक जमवतेय. घेण्याआधी काचेला नखाने टिचकी मारून ऐकावं लागतं. तडा असला की आवाज बसका येतो.

पण दर खेपेला तिथे हा गृहस्थ हजर. जुन्या लढायांतल्या शिपायांच्या लोखंडी टोप्या जमवतो. प्रत्येक टोपी डोक्यावर चढवतो आणि वरून बोटांच्या पेरांनी ठणाठणा वाजवतो. मला काचेचं काय कपाळ ऐकू येणार?

परवा शेवटी ओरडलेच, "अहो, पुरे! आणि एवढं वाजवून घेता त्याही पोचे आलेल्याच?"

"मावशी, पोचा टोपीला आला, म्हणजे आतला शिपाई बहुतेक जिवंत घरी गेला असेल."

मी विरघळले. तेवढ्यात त्याने दुसरी टोपी वाजवायला घेतली. वैतागून मी पेला न ऐकताच उचलला.

घरी येऊन त्यात कोकम सरबत ओतलं, तर टेबलभर ओघळ! शिपाई गेला असेल सुखरूप. माझा पांढरा टेबलक्लॉथ मात्र धारातीर्थी पडला.