गौताळ्यात काढलेला काटा

लिंबू आमच्या घरात फक्त पोह्यांवर पिळतात. नजर, उतारा, बाहेरचं — असलं काही मी कधीच मानलं नाही. शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना नेमकं उलटं समजावते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण सात वर्षं झाली, ती दुपार डोक्यातून जात नाही... म्हणून लिहून टाकते.

आम्ही शहरात, पुंडलिकनगरला राहतो. सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणायचे — सिल्लोडकडच्या खेड्यातल्या. विसरण्याचा आजार जडल्यावर आमच्याकडे आल्या. मी शाळेतून आले की विचारायच्या, "कोन गं तू?" दिवसा शाळा, रात्री त्यांची उठबस. चार-चार दिवस मला धड झोप नसायची.

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार होता. ह्यांनी ठरवलं, गौताळा अभयारण्यात जाऊ, आईला मोकळी हवा मिळेल. कन्नडकडच्या गेटवर नोंद केली, तलावाजवळ सावलीत गाडी लावली, झाडाखाली चटई टाकली. जेवणं झाली. साधारण एक वाजला असेल. हे मुलीला घेऊन पाण्याकडे गेले. मागे मी आणि आत्याबाई दोघीच.

त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. "माझी भाकर चोरली तू. चोरटी!"

आत्ताच तर मी त्यांना घास भरवले होते... मी हात सोडवला, गाडीत जाऊन बसले, दार लावलं आणि डोळे मिटले. मनात अगदी स्पष्ट आलं — जाऊ दे कुठं जायचं तिथं.

जाग आली तेव्हा चटई रिकामी होती.

आत्याबाई हात धरल्याशिवाय घरातल्या घरातसुद्धा चालत नव्हत्या. म्हणून आधी वाटलं, जवळच असतील. नव्हत्या. चपला तशाच चटईपाशी. आणि भोवती कमरेएवढं गवत. बिबट्या आहे, अस्वल आहे, हे गेटवरच्या पाटीवर आम्ही सकाळीच वाचलेलं! हे पळत आले. "तू कुठं होतीस?"

"इथंच होते," मी म्हणाले.

तिथले एक वनमजूर, साठीला टेकलेले शेखचाचा, आणखी दोन माणसं घेऊन आले. मला रडताना बघून म्हणाले, "घबराओ नक्को भाभी, अम्मा मिलती."

दोन तास हाका मारल्या. माझा घसा बसला. साडेतीनच्या सुमारास नाल्यापलीकडून शेखचाचांनी शीळ घातली.

नाला म्हणजे नुसते मोठमोठे दगड. उतरताना मला दोनदा हात टेकावे लागले. पलीकडे पळसाखाली आत्याबाई बसलेल्या, पाय पसरून, अगदी निवांत. तळपाय ओले, स्वच्छ धुतलेले. उजव्या टाचेवर काळाभोर डाग. आणि शेजारी पळसाच्या पानावर ठेवलेला, बोटाच्या पेराएवढा काटा.

शेखचाचा वाकले, बोट लावून वास घेतला. "बिब्बा है भाभी. गरम करके लगाया. ताजा है."

काटा काढल्यावर जुनी माणसं बिब्बा तापवून चटका देतात. त्याला विस्तव लागतो. आम्ही आजूबाजूला शोधलं. राख नाही, जळकी काडी नाही, कुणी चालून गेल्यासारखं गवतसुद्धा वाकलेलं नाही.

"आई, काटा कुणी काढला?" ह्यांनी विचारलं.

"त्या बाईनं. लई हलका हात तिचा."

"कोण बाई?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी म्हनलं, सुनंला हाक मारते. तर ती म्हनली, नको. दमलीय ती, गाडीत झोपलीय. निजू दे थोडी."

मी गाडीत झोपले होते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. आत्याबाईंनी मला जाताना पाहिलं असेल म्हणावं, तर त्यांना मगाशी खाल्लेले घासही आठवत नव्हते. आणि गेल्या दोन वर्षांत त्यांनी मला सून म्हटलं नव्हतं...

ह्यांचं म्हणणं, कुणी गुरं राखणारी असेल. आत चराईला बंदी, म्हणून लपली असेल. असेलही. पण शेखचाचांनी नंतर आसपासच्या वाड्या-तांड्यांवर विचारलं, कुणीच "मी होते" म्हणालं नाही. आणि आत्याबाईंनी तो नाला ओलांडला कसा? तिथून आमची गाडी दिसतही नव्हती. मी मुद्दाम वळून पाहिलं होतं.

परतताना आत्याबाई मागे मुलीच्या खांद्यावर झोपल्या. मुलगीही पेंगलेली. मी ह्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं — झोपले होते ते, आणि त्याआधी मनात काय आलं होतं तेही. वाटलं, आता हे गाडी थांबवतील. ते गाडी चालवत राहिले. वेरूळ मागे पडल्यावर म्हणाले, "मी पण पोरीला उगाच पाण्यावर रेंगाळत ठेवलं. परत यावंसंच वाटत नव्हतं मला."

पुढच्या आठवड्यापासून आम्ही दुपारी एक मावशी ठेवल्या. शाळेतून आले की मी तासभर झोपायचे. आत्याबाई त्यानंतर दीड वर्ष होत्या. ती बाई कोण, हे मी त्यांना कितीदा विचारलं. कधी म्हणायच्या, "कोनती बाई?" कधी नुसत्या हसायच्या.

मागच्या हिवाळ्यात कन्नडला लग्न होतं. परतताना ह्यांनी गौताळ्याच्या फाट्यावर गाडी हळू केली. "जायचं का?"

मी नको म्हणाले. तिथं कुणीच नसेल, तर मी काय समजायचं? आणि असलीच ती, तर तिच्यापुढं कोणत्या तोंडानं उभी राहू? मला अजून दोन्हींचं उत्तर सापडलेलं नाही.