तडतडीच्या पोटातली जखम

गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला तिच्या तापट स्वभावामुळे सगळे तडतडी म्हणत. वर्कशॉप थोरल्या दिरांचं. त्यांनी तिचं मशीन आतल्या कोंदट खोलीत, चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यांशेजारी मांडलं होतं. वासाने डोळे चुरचुरायचे. तिने खिडकीजवळची जागा मागितली, भांडून मागितली. पण तिचं पोट दुखायला लागलं आणि घरादाराचं एकमत झालं, की रागानेच पोट पोखरलंय. ती बोलायला गेली की दीर गोड आवाजात म्हणायचे, "पोट सांभाळ हो." नवरा मान डोलवायचा. तीही घाबरली. ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत वर्षानुवर्षं राग गिळत राहिली.

शेवटी एकदा रक्ताची उलटी होऊन ती मशीनवरच कोसळली. हॉस्पिटलात दुर्बीण घातली तेव्हा पोटात जखम दिसली. तिथला तुकडा तपासला, त्यात जंतू सापडले. औषधांचा कोर्स झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली, या वेळी सगळं कितीतरी पटींनी मोठं दाखवणारी, आणि नंतर तिला पडद्यावर फोटो दाखवले.

आधीच्या फोटोत पांढरट साय धरलेला खड्डा होता. आता तो बुजला होता. त्या जागी लालसर नवं अस्तर, आणि त्यावर बारीक रेघा, चहूबाजूंनी मध्याकडे निघालेल्या. चुण्या घालून मधोमध ओढून घेतलेल्या गोल उशीवर दिसतात तशा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम अशीच भरते, कडेकडेने आत. हळूहळू लाली जाईल, वण पांढरा पडेल.

"माझ्या रागाने झाली होती ना ही?" तिने विचारलं.

"नाही हो. जंतूंनी. तुम्ही रागावलात काय, न रागावलात काय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरी न जाता तडक वर्कशॉपात गेली.

"भावजी," ती दिरांसमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही मला माझ्याच पोटाची भीती घालून गप्प बसवलंत. मशीन आजपासून खिडकीशी."

दिरांनी तिथेच काम करत बसलेल्या धाकट्या भावाकडे, तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तिने मशीन एकटीनेच ओढायला घेतलं. फरशीवर कर्कश आवाज झाला, तसा नवरा उठला आणि त्याने दुसरी बाजू उचलली.

दीर त्यानंतर तिच्याशी बोलेनासे झाले. निरोप नवऱ्याकरवी येतात. पोट आता दुखत नाही. राग मात्र तसाच आहे, आणि नवऱ्यावर जास्त: मशीन उचलायला तो आला खरा, पण इतकी वर्षं मान तोच डोलवत होता.