बाबांनी फक्त हवा विचारली

बाबांची कापडमिल बंद पडून चार वर्षं झाली होती. माझ्या नोकरीमुळे पहिल्यांदाच परदेशी जाणं जमत होतं, आणि बाबांना समुद्र बघायचा होता. आमच्या मोहल्ल्यातल्या, स्नेहलतागंजातल्या ट्रॅव्हलवाल्याने इजिप्त आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांचे फोटो पुढे ठेवले. ऊन दोन्हीकडे लखलखीत. बाबांनी फक्त हवा विचारली.

"इजिप्तची एकदम सूखी, कोरडी, बाबूजी. लंकेत चिपचिप."

"मग लंका," बाबा म्हणाले. मी चिडलोच. चिपचिप कोण मागतं? विचारलं तर सांगेनात.

किनाऱ्यावर पोचताच त्यांनी दोन बोटं हवेत चोळली. तीस वर्षं ते मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून मिलमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवत.

"इथे साचा मस्त चालेल," ते म्हणाले, आणि समुद्राकडे पाठ करून नारळांच्या वर कुठे मिलची चिमणी दिसते का बघू लागले.