बर्वेबाईंचा नावडता शब्द

वर्गात कोणी 'खंबीर' हा शब्द उच्चारला की बर्वेबाई डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. रागावायच्या नाहीत, आवाज चढवायच्या नाहीत. नुसत्या मिचमिच्या डोळ्यांनी समोर बघत म्हणायच्या, "चला, आता मला काही दिसत नाही. आपणच सांगा, त्या बाईचं काय चाललंय?" मग बोलणाऱ्याची जी फजिती व्हायची ती बघायला बाकीचे सरसावून बसायचे. पहिल्याच आठवड्यात ती पाळी माझ्यावर आली होती, म्हणून मला हे इतकं नीट आठवतं.

एम.ए.ला बाई आम्हाला आधुनिक नाटक शिकवायच्या. अभ्यासाला एक दोनअंकी नाटक होतं. त्यातल्या नायिकेचा नवरा घर सोडून गेलेला, मुलगा अपघातात गेलेला, आणि शेवटच्या प्रवेशात भावाशी भांडण होऊन काचेचं कपाट फुटतं. भाऊ तावातावाने निघून जातो. ती बराच वेळ तशीच बसून राहते. मग उठते, कोपऱ्यातला झाडू घेते आणि काचा गोळा करायला लागते. पडदा. या नायिकेच्या खंबीरपणाची वेगवेगळ्या समीक्षादृष्टींतून चर्चा करा, असा प्रश्न परीक्षेत दरवर्षी हमखास यायचा. "पेपर मी काढत नाही हो," बाई म्हणायच्या, "मी तो फक्त भोगते."

मी गाईड वाचून तयारीत गेले होते. उभी राहिले आणि धडाधड म्हणून टाकलं. मानसशास्त्रीय दृष्टीने ती दुःखाचं दमन करते, स्त्रीवादी दृष्टीने ती पुरुषाचा आधार नाकारते, प्रतीकांच्या अंगाने पाहिलं तर झाडू म्हणजे नवी सुरुवात, एकूण ती खंबीर आहे. चष्मा टेबलावर गेला.

"झाडू का उचलला तिने?"

"नव्याने उभं राहण्यासाठी, बाई."

"असं होय? पायात काय आहे तिच्या?"

मी पुस्तक चाळलं. पायांबद्दल कुठेच काही नव्हतं.

"घरात बसलीये, म्हणजे अनवाणी असणार. आणि खोलीभर काचा. दुसरं कोणी झाडणार आहे का त्या घरात?"

"नाही."

"मग झाडेल नाही तर काय करेल? आपली ती दमन आणि प्रतीकं सगळी चांगली आहेत, जरूर वापरा, मार्क मिळतील. पण आधी खोलीत नजर टाका. घरात आणखी कोण आहे ते बघा. कोणी नाहीये, हे त्या प्रवेशात सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपण तिला खंबीर म्हटलं की आपण सुटलो. टाळ्या वाजवायच्या आणि घरी जाऊन जेवायचं." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या, "बसा. आवाज छान आहे तुमचा."

एवढा अपमान होऊनही मी त्यांच्या प्रेमात पडले. पुढे मीही शिकवायला लागले, वारज्याला राहायला गेले, आणि बाईंशी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेली मी बहुधा एकटीच विद्यार्थिनी असेन. म्हणजे त्या मला 'तू' म्हणायला लागल्या. मी अर्थातच 'बाई' आणि 'तुम्ही'च. बाई गेल्यालाही आता काही वर्षं झाली, तरी मनातल्या मनात बोलताना मी सरळ बसते.

बाईंचं घर कसबा पेठेत, एका बोळातल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. मूलबाळ नव्हतं. बर्वेकाका टपाल खात्यातले, पण त्यांचा खरा जीव हौशी नाटकात. कधी स्टेजवर आले नाहीत. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे त्यांचं काम. "माझ्या नवऱ्यानं शेकडो प्रयोग वाचवलेत आणि एकदाही टाळी घेतली नाही," बाई कौतुकानं सांगायच्या. तर याच काकांना सत्तरीनंतर विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, मग बोळ, मग जेवलो की नाही ते. शेवटी बाई सकाळी त्यांच्याशेजारी उभ्या राहून हळू आवाजात पुरवायच्या, "हा ब्रश. याला पेस्ट लावायची. आता दातांवर." मी एकदा ते दारातून ऐकलं आणि चपला न काढता तशीच जिन्यात जाऊन उभी राहिले.

बातमी पसरली तसे जुने विद्यार्थी भेटायला येऊ लागले. प्रत्येक जण निघताना म्हणायचा, "बाई, तुम्ही किती खंबीर आहात!" बाई चष्मा काढून समोरच्या टेबलावर ठेवायच्या. येणाऱ्यांना वाटायचं, डोळे पाणावले.

एकदा मात्र बाईंनी स्वतःहून काहीतरी मागितलं. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही. आम्ही पाचसहा जण बसलो होतो. दिवसभर शकीलामावशी काकांना सांभाळायच्या, पण संध्याकाळी सातला त्यांना घरी जावंच लागायचं. बाई म्हणाल्या, "मला एक हवंय. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणीतरी यांच्याजवळ बसा. मला नाटकाला जायचंय. कोणतंही चालेल, वाईट असलं तरी." सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं. जिना उतरेपर्यंत व्हॉट्सअॅपवर 'बाईंसाठी' नावाचा ग्रुप निघाला, गुरुवारच्या पाळ्या लागल्या.

पहिले काही गुरुवार झकास गेले. बाई नाटक बघून यायच्या आणि दारातच नटांची सालटी काढायच्या. त्या दिवसांत त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसायचा. मग कोणाची मीटिंग आली, कोणाचा मुलगा आजारी पडला. सगळी कारणं खरी होती, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी? मी जमेल तसं जात राहिले, पण माझ्या घरी सासूबाई अंथरुणावर होत्या आणि कॉलेज सुटल्यावर वारज्याहून पेठेत पोचेपर्यंत नाटकाची तिसरी घंटा होऊन गेलेली असायची. ग्रुप मात्र जोरात होता. त्यावर सुप्रभात यायचं, हात जोडलेले यायचे, आणि एक दिवस प्रस्ताव आला: बाईंचा सत्कार करू या.

पुण्यात कोणासाठी काय करावं हे सुचलं नाही की सत्कार करतात. हॉल ठरला, शाल, श्रीफळ, मानपत्र ठरलं. मी ग्रुपवर लिहिलं की, सत्कारापेक्षा गुरुवार सांभाळले तर बरं. त्यावर कोणीतरी अंगठा दाखवला आणि खाली हॉलचा पत्ता टाकला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं तर मुलं दुखावतील. सातच्या आत सोडा म्हणावं."

कार्यक्रम पाचचा होता, सुरू झाला सहाला. एकेक जण उठून बाईंवर बोलू लागला. एकाने त्यांच्या मानसिक बळाचा उलगडा केला. एकीने त्यांच्यात आधुनिक स्त्रीचं रूप पाहिलं. तिसऱ्याने तर थेट त्या नाटकातल्या झाडूचा दाखला देऊन सांगितलं की, बाई ते नाटक आज जगत आहेत. आपण सगळे परीक्षेचा तोच प्रश्न सोडवतोय, हे त्या हॉलमध्ये एकाच्याही लक्षात येत नव्हतं. बाई व्यासपीठावर शाल पांघरून बसल्या होत्या. चष्मा केव्हाच मांडीवर आला होता. मानपत्रात तो शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही, पण हॉलभर टाळ्या होत होत्या.

सात वाजून गेले आणि माझा फोन थरथरला. शकीलामावशी. "ताई, मला निघायला पाहिजे, घरी रोजा सोडायचाय, सगळे थांबलेत. काका झोपलेत, बाहेरून कडी लावू का?" मी व्यासपीठाकडे बघितलं. प्रमुख पाहुणे नुकतेच उभे राहून "मी फार वेळ घेणार नाही" म्हणत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्म्याशिवाय बघितलं, तरी ओळखलं. मान किंचित हलवली. मी मावशींना "लावा, मी येतेच" सांगून निघाले.

कडी काढून आत गेले तर काका जागे होते. खोलीच्या मधोमध उभे, अनवाणी. पाणी प्यायला उठले असावेत. पेला, तांब्या आणि त्यांचा जुना फोटो, सगळं खाली होतं आणि फरशीभर काचा. "ती कुठे गेली?" ते म्हणाले. "हलू नका काका," मी म्हणाले. त्यांना धरून पलंगावर बसवलं, तळपायातली काच काढली. मग झाडू घेतला. काचा भरत होते तेवढ्यात दारात बाई उभ्या राहिल्या, अंगावर शाल, हातात नारळ आणि पुष्पगुच्छ.

काकांचा चेहरा फुलला. "आज प्रयोग होता का गं?"

"हो."

"कसा झाला?"

"लोकांना आवडला," बाई म्हणाल्या आणि गुच्छ त्यांच्या हातात दिला.

मग माझ्याकडे वळल्या. "आज तू झाडलंस," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "उद्याचं काय करू, ते सांग."  मी उरलेल्या काचा सुपलीत भरल्या.

पुढच्या महिन्यात बाईंनी काकांना लोणी काळभोरकडच्या वृद्धांच्या एका निवाऱ्यात ठेवायचं ठरवलं.  ग्रुपवर हळूहळू उमटलं: बाईंकडून ही अपेक्षा नव्हती. शेवटी बाई खचल्या म्हणायच्या. ज्यांनी मानपत्र लिहिलं होतं त्यांनीच हे लिहिलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. पण संतापून मी काय करणार होते? माझ्याकडे दुसरा कोणता उपाय होता?

सोडायला मीच बरोबर गेले. काका गाडीत सोलापूर रस्त्याच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. तिथल्या खोलीत त्यांना बसवलं तेव्हा ते बाईंना म्हणाले, "तुम्ही या आता, उशीर होईल. माझी मिसेस येईलच." बाई "बरं" म्हणाल्या. त्यांनी काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आम्ही बाहेर पडलो.

 बाई घरी आल्या, खुर्चीत बसल्या, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मी काही म्हटलं नाही," मी घाबरून म्हणाले.

"माहीत आहे. म्हण आता." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "आता कोणी म्हणणार नाही. तू एकदा म्हण तो शब्द."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, पण बाहेर येईना. त्यांनीच मला तसं शिकवलं होतं. बाई डोळे मिचमिचे करून माझ्या दिशेने बघत राहिल्या. मला ते बघवेना. मी उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागले. शकीलामावशींनी सकाळीच लख्ख करून ठेवलेलं घर, झाडण्यासारखं काही नव्हतं.