नांगर घसरतोय

बहीण पहिल्यांदा जहाजावर जायच्या आधी तीन महिने माझ्या वडगावच्या खोलीत राहिली. तिची तोंडी परीक्षा होती आणि प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालायचे, त्यामुळे आम्ही ओरडूनच अभ्यास करायचो.

“पोर्ट?”

“जहाजाची डावी बाजू!”

“ली शोअर?”

“वारा जहाजाला ज्या किनाऱ्याकडं ढकलतो, तो किनारा!”

मी शाळेत मराठी शिकवतो. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला. पण ते शब्द माझेही पाठ झाले, आणि गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी त्याचा मला पस्तावा झाला.

मी खानापूरकडे गावी गेलो होतो. आई मावशीकडे निपाणीला होती, घरी फक्त आप्पा. जेवणं झाली आणि फोनवर बहिणीचा निरोप आला. कुठल्याशा परदेशी बंदराबाहेर त्यांचं जहाज नांगर टाकून उभं होतं. इंग्रजी अक्षरांत तीनच ओळी. वारा लई वाढलाय. अँकर ड्रॅगिंग. नंतर बोलते.

“काय म्हणतीया?” आप्पांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “नांगर वढायलाय म्हणं.”

“मग बरं हाय की. वढू दे.” त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

त्यांना वाटलं, नांगर जहाजाला ओढून धरतोय. ड्रॅगिंग म्हणजे तळाशी रुतलेला नांगर सुटून घसरायला लागणं. जहाज उभं दिसतं, पण वाहत असतं. मी तिला फोन लावला. लागला नाही. मग जहाज कुठं आहे ते दाखवणारं ॲप उघडलं. नांगरलेलं जहाज वाऱ्यासरशी नांगराभोवती गोल फिरतं, तेवढं चालतं. पण हा ठिपका गोलाबाहेर पडला होता. दर काही मिनिटांनी तो किनाऱ्याकडे थोडा सरकत होता.

आप्पा सुपारी कातरायचे थांबले. “तुझं त्वांड का उतरलंय? खरं सांग.”

मी सांगितलं. नांगर धरत नाही, जहाज वाहायलाय.

“आनि कडंला काय हाय?”

“खडक.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग माझ्या शेजारी येऊन बसले. “अशा वक्ताला काय करायचं, ते तिला ठाव हाय न्हवं?”

“व्हय, पाठ हाय तिला.”

“तुला म्हनून दावायची तसं सांग मला.”

मी सांगायला लागलो. आधी नांगराच्या साखळीवर हात ठेवायचा. घसरत असेल तर हाताला धक्के लागतात. मग पुलावर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कळवायचं. साखळी आणखी सोडायची. इंजिन सुरू करायचं. तरीही धरलं नाही तर दुसरा नांगर टाकायचा.

“आनि त्योबी न्हाय धरला तर?”

पुस्तकात पुढे काही नव्हतं. मी तसं म्हणालो. आप्पांनी फोनच्या काचेवर बोट टेकवलं. “ह्यो हालला का?”

“हाललाय.”

नंतर ठिपकाच दिसेनासा झाला. ॲपला माहिती मिळत नव्हती एवढाच त्याचा अर्थ, हे मला कळत होतं, तरी मी ॲप पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. आप्पा दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. निपाणीला कळवू का, असं मी विचारलं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका बसला होता.

“अण्णा, धरला. दुसरा टाकला तेव्हा धरला.”

मग ती तुटक तुटक सांगत गेली. कप्तानांना वाटत होतं जहाज नुसतं फिरतंय. तिला खलाशांच्या मुकादमाबरोबर पुढच्या टोकाला पाठवलं होतं. तिनं साखळीवर हात ठेवला आणि वॉकीटॉकीवर कळवलं, घसरतोय. “नक्की?” कप्तानांनी विचारलं. ती जहाजावर सगळ्यात नवी. तरी दुसऱ्यांदा तेच म्हणाली. तेव्हा इंजिन सुरू झालं. खडक तोवर नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“भ्यालीस का गं?”

“लई भ्याले, आप्पा.”

“तितं कुनाला सांगिटलीस?”

“न्हाय. तुमालाच सांगायले.” आणि ती रडायला लागली.

“बरं केलीस,” ते म्हणाले, आणि ती रडायची थांबेपर्यंत फोन कानाला धरून उभे राहिले.