आप्पांचं पलीकडचं रान

होडीतून शिरूरच्या बाजूच्या काठावर पाय ठेवला, की आप्पा चिमूटभर माती उचलून हुंगायचे आणि म्हणायचे, "व्हय, आपलीच हाय."

नव्वदनंतरची गोष्ट. मी दौंडच्या बाजूला खोली घेऊन राहायचो आणि भीमा ओलांडून पलीकडच्या शाळेत शिकवायला जायचो. आप्पा माझे शेजारी. त्यांचं रान नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. दर पावसाळ्यात पाणी नेमकं तिथंच धडका मारायचं आणि काठ ढासळायचा. समोर, वळणाच्या आतल्या अंगाला, धार संथ. तिथं गाळ साचून मळई वाढत चालली होती. त्या मळईत एक चाचा वांगी करायचे. आपल्या काठाची वाहून आलेली माती आपली, म्हणजे वांगीही आपली, असं आप्पांचं म्हणणं. येताजाता टोपी भरून वांगी तोडायचे, तीही चाचांच्या देखत.

एकदा चाचा शांतपणे म्हणाले, "आप्पा, माती तुमची, तर गवत बी तुमचंच. खुरपायला कवा येता?"

दुसऱ्या दिवशी आप्पा खुरपं घेऊन हजर. दिवसभर खुरपलं, चाचांच्या घरची भाकरी खाल्ली आणि जाताना वांगी दुप्पट नेली. होडीत मला समजावून सांगितलं, की मजुरी गड्याला असते. मालक माल नेतो.

पुढं एका पुरात त्यांचा गोठाच नदीत गेला. गुरं आधी सोडली होती म्हणून वाचली. आप्पा कडेला बसून राहिले. पाणी ओसरल्यावर चाचा आले आणि त्यांना होडीत घालून पलीकडं घेऊन गेले. मीही सोबत होतो. नव्या, ओल्या गाळात चाचांनी काठीनं रेघ ओढली.

"हिकडचं तुम्ही करा," ते म्हणाले.

आप्पा रेघेकडं बघत राहिले. डोळे पुसले. मग चाचांच्या हातातली काठी घेतली, ती रेघ पायानं पुसली आणि चाचांच्या बाजूला चांगली हातभर सरकवून नवी ओढली.

"गोठा मोठा हुता माझा."

चाचा हसता हसता गाळातच बसले.

ते रान आप्पांनी शेवटपर्यंत केलं. ते गेले तेव्हा माझी बदली झाली होती. निरोप मिळताच आलो. त्यांच्या मुलानं राख नदीत सोडली. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. चाचा मात्र राखेचा पट्टा कुठं वळतो ते बघत होते. तो मळईकडं सरकू लागला, तसा त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बघ, निघाले रानात."