एफ दोन मजल्यांवर राहतो

पेपरातले ए, बी, सी सांगू तिथे निमूट बसतात. पनवेलची पोरं बसत नाहीत, म्हणून माझ्याकडे किस्से साठतात. स्टेशनजवळच्या क्लासमध्ये मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं लॉजिक शिकवतो. म्हणजे कोण कोणाशेजारी बसलंय आणि रांगेत तिसरं कोण. बायको अजून विचारते, "हे शिकवावं लागतं?"

*

पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, "ए हा बीच्या शेजारी बसत नाही." प्रथमेशने हात वर केला. "सर, भांडण कशावरून झालं?"

म्हटलं, भांडण नाही रे, अट आहे ती. तो म्हणाला, "आमच्या सोसायटीतही सगळे असंच सांगतात."

*

एकदा मलाच एक कोडं सुटेना. सात मजले, सात भाडेकरू. अर्धा तास मार्कर झिजवला आणि शेवटी "प्रिंटिंग मिस्टेक आहे" म्हणून फळा पुसायला घेतला.

प्रथमेश म्हणाला, "सर, तुमचा एफ तिसऱ्यावर पण राहतो आणि सहाव्यावर पण."

"दोन फ्लॅट घेतले असतील," असं म्हणून मी तास लवकर सोडला.

*

बॅचची सहल कर्नाळ्याला निघाली. गाडी एक, माणसं आठ. सायलीला खिडकी हवी, प्रथमेशला पुढची सीट, आणि दोघांना एकमेकांशेजारी बसायचं नाही. आम्ही आठही जण रस्त्यात उभे राहून वहीत तक्ता काढत होतो. कोन गावचे आमचे ड्रायव्हर नामदेवदादा दुसरा चहा संपवून आले आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"मास्तर," ते म्हणाले, "गारीत चरल्याबिगर जागा मिलत नाय."

*

हर्षदा खाडीकडच्या कोळीवाड्यातली. तिची आई पनवेलच्या मासळी बाजारात बसते. परीक्षा दोनदा हुकली होती. यंदा कॉलेज मिळालं नाही तर काकांनी बघितलेली बंदरातली नोकरी धरायची, असं घरून बजावलं होतं. तिला ती नोकरी नको होती आणि मला तिची खरंच काळजी वाटायची. पोरगी हुशार, पण ए-बी-सी दिसले की गोठायची.

शेवटी म्हटलं, "अक्षरं सोड. ओळखीची माणसं बसव."

तिने बाजारातल्या मासेवाल्या बसवल्या. ए म्हणजे आई. "डी आणि ई शेजारी नाहीत" हे तर तिला पाठच होतं, कारण त्या दोघी गणपतीपासून बोलत नव्हत्या. दहा मिनिटांचं कोडं ती तीन मिनिटांत सोडवायला लागली.

परीक्षेच्या दिवशी रडवेली होऊन बाहेर आली. "सर, एका कोड्याचा अख्खा सेट सोडला. अटी सगळ्या जुळत होत्या, पण आई पार टोकाला जात होती, गटाराजवळ. नाही बसवली."

मी डोक्याला हात लावला. एका सेटवर कॉलेज जातं. निकाल लागेपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हती.

कॉलेज मिळालं, अगदी काठावर. मायलेकी पापलेटं घेऊन क्लासमध्ये आल्या. मी मावशींना त्या सेटची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुमच्यावरच्या मायेपायी पोरीने हातातले चार प्रश्न सोडले.

मावशी लेकीकडे वळल्या.

"येडी का गो तू? टोकाची जागा म्हंजे रस्त्याची. गिऱ्हाईक पयलं तिथंच येतं. धा वर्सं मागतेय मी ती जागा."